लहानपणी पाहिलेला सिनेमा रंगमंचावर बघताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्या सिनेमाची गाणी तोंडपाठ आहेत त्याचं म्युझिकल, म्हणजे गाण्या-नाचांचं नाट्यरूप, दौऱ्यावर निघालंय हे कळलं की तिकीट काढायची घाई होते. अशा प्रयोगातून जे हिरमुसून बाहेर पडतात त्यांची कारणं बहुतेक वेळा तीच असतात: खुर्ची चुकली, वेळ चुकली, किंवा मनात सिनेमा इतका घट्ट बसलेला की समोरचं दिसलंच नाही. तिन्हींची तयारी आधी करता येते.

सिनेमात आहे ते सगळं प्रयोगात असतं का?

नाही. हे तिकीट काढण्याआधीच माहीत असावं, मुलांनाही आणि मोठ्यांनाही.

अ‍ॅनिमेशनचा सिनेमा साधारण दीड तासाचा असतो. ‘द लायन किंग’ (१९९४) ८८ मिनिटांचा आहे, ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ (१९९१) ८४ मिनिटांचा. त्यांचे रंगमंचावरचे प्रयोग मध्यंतर धरून अडीच तासांच्या आसपास चालतात. म्हणजे मध्यंतर वगळता जवळजवळ पाऊण तासाचा मजकूर नवा असतो आणि त्यात मुख्य भर गाण्यांची असते. याचं कारण साधं आहे. सिनेमात कॅमेरा चेहऱ्याच्या जवळ जातो आणि पात्राच्या मनात काय चाललंय ते एका क्षणात कळतं. रंगमंचावर कॅमेरा नाही. शेवटच्या रांगेतल्या माणसाला ते मन कळायचं तर पात्राला गावं लागतं. ‘ब्यूटी अँड द बीस्ट’मधला बीस्ट सिनेमात स्वतःचं दुःख गाऊन सांगत नाही, पण १९९४च्या नाट्यरूपात पहिला अंक त्याच्याच नव्या गाण्यावर संपतो. ‘फ्रोझन’च्या एल्सालाही रंगमंचावर दुसऱ्या अंकात एक नवं गाणं मिळालं आहे.

जशी भर पडते तशी काटछाटही होते. ‘अलादिन’मधलं अबू माकड प्रयोगात नाही. त्याच्या जागी अलादिनचे तीन मित्र आहेत आणि पोपट इयागोचा झाला आहे चक्क माणूस. ‘मेरी पॉपिन्स’च्या सिनेमातले (१९६४) नाचणारे पेंग्विन आणि छताला टेकून घेतलेला चहा २००४च्या नाट्यरूपात नाहीत, बागेतले पुतळे मात्र जिवंत होऊन नाचतात. ‘द लायन किंग’मधला राफिकी रंगमंचावर स्त्री आहे. यातली कुठलीच गोष्ट ‘राहून गेली’ किंवा ‘बिघडवली’ नाही. माकडाचा पाठलाग चित्रात सोपा असतो. रंगमंचावर तोच प्रसंग तीन माणसांनी गाऊन नाचून रंगवणं जास्त जिवंत होतं.

आवडतं गाणं असतं का? कुठे येतं?

गाजलेली गाणी जवळजवळ नेहमीच असतात, पण त्यांची जागा बदललेली असू शकते. ‘फ्रोझन’मधलं ‘लेट इट गो’ सिनेमात बरंच लवकर येतं. रंगमंचावर पहिला अंक त्याच गाण्याने संपतो. मुलाला हे सांगितलं नसेल तर ते पाऊण तास ‘कधी येणार, कधी येणार’ म्हणत बसतं.

काही वेळा गंमत उलटी असते. ‘द साउंड ऑफ म्युझिक’ आधी रंगमंचावर आलं (१९५९), सिनेमा १९६५चा. मूळ नाट्यरूपात ‘माय फेव्हरिट थिंग्ज’ हे गाणं मठात मारिया आणि मठप्रमुख साध्वी मिळून गातात. वादळाच्या रात्री घाबरलेल्या मुलांसमोर मारिया गाते ते वेगळं गाणं. सिनेमा पाठ असलेल्यांना इथे चुकल्यासारखं वाटतं, पण मूळ जागा तीच आहे. काही नव्या निर्मितींमध्ये सिनेमाचा क्रम घेतात.

तयारी म्हणून एकच काम करा. त्या प्रयोगाचं अधिकृत ध्वनिमुद्रण मिळत असेल तर आठवडाभर आधी घरात लावून ठेवा. नवी गाणी कानावरून गेलेली असली की प्रयोगात ती परकी वाटत नाहीत. जाण्याच्या आदल्याच रात्री सिनेमा बघणं मात्र टाळावं. सिनेमा ताजा असला की डोकं प्रत्येक प्रसंगाला तुलना करत राहतं. दोन-तीन आठवडे आधी बघितलेला पुरतो.

दौऱ्यावरचा प्रयोग मूळ प्रयोगाची हलकी आवृत्ती असतो का?

दौरे दोन प्रकारचे असतात. एक, ज्यात संच एका नाट्यगृहात काही आठवडे मुक्काम करतो; दुसरा, ज्यात आठवड्यात दोन-तीन गावं होतात. पहिल्या प्रकारात नेपथ्य उभं करायला दिवस-दोन दिवस किंवा त्याहून जास्त मिळतात आणि सामान वाहायला डझनाहून जास्त ट्रक लागू शकतात. दुसऱ्या प्रकारात सकाळी ट्रक येतात आणि संध्याकाळी पडदा उघडायचा असतो. तिथे नेपथ्य हलकं असणार, पडद्यावरच्या प्रक्षेपणाचा वापर जास्त असणार.

सगळ्यात मोठा फरक पडतो तो जमिनीत. कायम मुक्कामाच्या नाट्यगृहात रंगमंच खोदून खालून वर येणाऱ्या लिफ्ट बसवता येतात. दौऱ्यावर दुसऱ्याच्या रंगमंचाला भोक पाडता येत नाही. म्हणून संच स्वतःचा लाकडी-धातूचा डेक बरोबर आणतो आणि मूळ रंगमंचावर अंथरतो. नेपथ्य ओढणाऱ्या केबल आणि रूळ त्या डेकच्या पोटात असतात. जे मूळ प्रयोगात जमिनीतून उगवायचं ते दौऱ्यात विंगेतून सरकत येतं किंवा वरून उतरतं.

कलाकारांच्या बाबतीत हलकेपणाची शंका नको. आठवड्याला साधारण आठ प्रयोग, तेही दर मुक्कामी नवा रंगमंच आणि नवा ध्वनी सांभाळत, हे काम कसलेल्या माणसांचंच असतं. जाहिरातीत एखादं प्रसिद्ध नाव असेल तर मात्र ते तुमच्या तारखेला आहे का ते नीट वाचा. अशी माणसं अनेकदा ठरावीक शहरांपुरती किंवा ठरावीक प्रयोगांपुरती असतात.

कुठली सीट घ्यावी?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे. ‘मधली, पुढची’ हे उत्तर अर्धवट आहे.

पहिल्या तीन रांगा महाग असूनही म्युझिकलसाठी फारशा चांगल्या नाहीत. दौऱ्याच्या डेकमुळे रंगमंच आणखी काही इंच उंचावलेला असतो. खालून मान वर करून बघताना कलाकारांची पावलं दिसत नाहीत, आणि समूहनृत्यात पावलं गेली की निम्मा नाच गेला. शिवाय नृत्याच्या रांगा, वर्तुळं, एकमेकांतून निघणाऱ्या आकृत्या या रंगमंचाच्या जमिनीवर काढलेल्या चित्रासारख्या असतात. त्या थोड्या उंचीवरूनच कळतात.

दुसरं टोक म्हणजे अंतर. चेहऱ्यावरचे बारीक भाव नुसत्या डोळ्यांनी साधारण २० मीटरपर्यंत कळतात. दोन रांगांमधलं अंतर ९० सेंटिमीटरच्या आसपास असतं आणि पुढे वाद्यवृंदाच्या खड्ड्याचे (रंगमंचासमोरची वादकांची खोलगट जागा) काही मीटर जातात. हिशेब केला तर तळमजल्यावरची अठराव्या-विसाव्या रांगेपर्यंतची जागा चांगली. आमची पहिली पसंती तळमजल्याची सहावी ते चौदावी रांग, मध्यभागी. तेवढीच आवडती दुसरी जागा म्हणजे पहिल्या बाल्कनीच्या पुढच्या दोन-तीन रांगा. लहान मूल बरोबर असेल तर बाल्कनीची पुढची रांग तळमजल्यापेक्षा उजवी, कारण पुढे कुणाचं डोकं येत नाही. फक्त कठडा मुलाच्या डोळ्यांसमोर येतो का ते तिकीटखिडकीवर विचारून घ्या.

तळमजल्यावरची मागची जागा घेताना वर बाल्कनीचं छत कुठून सुरू होतं ते नकाशावर बघा. त्या छताखाली फार आत बसलं की रंगमंचाचा वरचा भाग कापला जातो. उडणारी गाडी, छपरावरचं दृश्य, वरून उतरणारा चंद्र असं सगळं नेमकं त्या कापलेल्या पट्टीत असतं, आणि बसणाऱ्याला तिथे दिसतात नुसते कलाकारांचे पाय ते डोकं. आवाजही तिथे दबलेला येतो.

अगदी कडेच्या जागांवर समोरच्या बाजूचं दिसतं, पण आपल्या बाजूच्या विंगेजवळचं झाकलं जातं. याला एक मोठा अपवाद आहे. काही प्रयोगांत कलाकार प्रेक्षकांमधून चालत येतात. ‘द लायन किंग’च्या सुरुवातीला प्राणी मधल्या वाटांवरून रंगमंचाकडे जातात. अशा प्रयोगाला तळमजल्यावरची वाटेलगतची खुर्ची मिळाली तर ती मधल्या खुर्चीपेक्षा सरस. त्या दोन मिनिटांसाठी कडेचा तोटा सोसायला हरकत नाही. मुलाला वाटेकडच्या खुर्चीवर बसवा आणि पाय, पिशवी, पाण्याची बाटली वाटेत येऊ देऊ नका. मुखवटे आणि बाहुल्या घेतलेल्या कलाकारांना खालचं जवळजवळ दिसत नाही.

‘मर्यादित दृश्य’ असं लिहिलेलं स्वस्त तिकीट घ्यावं का?

कशामुळे मर्यादित आहे ते कळल्याशिवाय घेऊ नये. कठड्याची नळी आड येत असेल तर मोठ्या माणसाला थोडं पुढे सरकून चालतं, मुलाला नाही. खांब आड येत असेल तर नको. स्पीकरचा ढिगारा कडेला असल्यामुळे रंगमंचाचा एक कोपरा झाकला जात असेल, तर त्या किमतीत चालण्यासारखं आहे. तिकीटखिडकीवरच्या माणसाला थेट विचारा: ‘इथून रंगमंचाचा किती भाग दिसत नाही, आणि वरचा की बाजूचा?’ त्यांना हे प्रत्येक खुर्चीबद्दल माहीत असतं.

तिकीट कधी आणि कुठून काढावं?

नाट्यगृहाची स्वतःची वेबसाइट किंवा दौऱ्याच्या अधिकृत वेबसाइटवरून दिलेली लिंक, या दोनच ठिकाणांहून. सर्च केल्यावर सगळ्यात वर येतात त्या अनेकदा पुनर्विक्रेत्यांच्या जाहिराती असतात. ओळखायच्या खुणा: नेमका खुर्ची क्रमांक न दाखवता फक्त ‘विभाग’ दाखवणं, पैसे भरेपर्यंत वाढत जाणारं शुल्क, आणि ‘एवढीच तिकिटं उरली’ म्हणत पळणारं घड्याळ. काही पुनर्विक्रेते हातात नसलेलं तिकीटही विकतात आणि नंतर ते शोधायला निघतात. प्रयोग रद्द झाला तर पैसे परत मिळवतानाही अडचण येते, कारण नाट्यगृहाच्या लेखी ग्राहक तुम्ही नसता.

तिकिटं संपली असं दिसलं तरी प्रयोगाच्या आठवड्यात पुन्हा बघा. ध्वनिनियंत्रणाचं टेबल, कॅमेरे आणि दृष्टिरेषा यांच्यासाठी काही जागा राखून ठेवलेल्या असतात. नेपथ्य प्रत्यक्ष उभं राहिल्यावर त्यातल्या न लागणाऱ्या जागा विक्रीला सोडतात. त्या मधोमधच्या असतात. काही दौऱ्यांत त्याच दिवशीची स्वस्त तिकिटं सोडतीने किंवा खिडकीवर मिळतात. पण ही वाट एक-दोन मोठ्या माणसांसाठी आहे, चार जणांच्या कुटुंबाला शेजारशेजारच्या खुर्च्या अशा मिळत नाहीत.

पैसे भरण्याआधी तारीख आणि वेळ मोठ्याने वाचा. शनिवार-रविवारी दुपारचा आणि रात्रीचा असे दोन प्रयोग असतात, आणि सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे दुपारचं तिकीट घेऊन रात्री पोहोचणं. खुर्च्यांचे क्रमांकही तपासा. काही नाट्यगृहांत एका बाजूला फक्त विषम आणि दुसऱ्या बाजूला फक्त सम आकडे असतात. तिथे ७ आणि ९ या शेजारच्या खुर्च्या असतात, ७ आणि ८ नव्हे.

किती वयाच्या मुलाला न्यावं?

जाहिरातीत लिहिलेलं वय दोन प्रकारचं असतं. ‘शिफारस’ म्हणजे सल्ला आणि ‘प्रवेश नाही’ म्हणजे नियम. नियमाच्या बाबतीत दारावर सवलत मिळत नाही, कडेवरच्या बाळालासुद्धा अनेक ठिकाणी स्वतंत्र तिकीट लागतं किंवा प्रवेशच नसतो.

सिनेमा कितीही बालांचा असला तरी खरी कसोटी वेगळी आहे: मूल अंधारात, एका जागी, सलग ७० ते ७५ मिनिटं बसू शकतं का? पहिला अंक साधारण एवढा असतो, दुसरा त्याहून लहान. घरी सिनेमा बघताना मूल उठतं, खेळतं, परत येतं; ती बैठक इथे धरता येत नाही. सहा वर्षांच्या आसपास बहुतेक मुलांना जमतं. चार वर्षांच्या मुलाला न्यायचं असेल तर दुपारचा प्रयोग घ्या. रात्रीच्या प्रयोगाचा दुसरा अंक लहान मुलांच्या झोपेच्या वेळेत येतो, आणि रडारड होते ती कंटाळ्याने नव्हे, झोपेने.

खुर्चीवर ठेवायची उंच गादी अनेक नाट्यगृहांत मिळते, पण संख्या मोजकी असते. दार उघडल्या उघडल्या घ्या.

किती आधी पोहोचावं? उशीर झाला तर?

पाऊण तास आधी. अर्ध्या तासात पिशव्यांची तपासणी, स्वच्छतागृह आणि खुर्ची शोधणं होतं, पण मुलं बरोबर असली तर घाई होते.

उशिरा येणाऱ्यांना लगेच आत सोडत नाहीत. प्रयोगात आधीच ठरवलेली एक-दोन ठिकाणं असतात, बहुधा टाळ्यांच्या गजरात संपणाऱ्या गाण्यानंतर. तोपर्यंत बाहेर थांबावं लागतं आणि आत गेल्यावरही कधी कधी मागच्याच रिकाम्या जागेवर बसवतात. ज्या प्रयोगात कलाकार वाटांवरून येतात तिथे हा नियम आणखी कडक असतो. आणि अशा प्रयोगांचा सगळ्यात देखणा भाग पहिल्या पाच मिनिटांतच असतो.

मध्येच मुलाला स्वच्छतागृहात न्यावं लागलं तर?

न्या. फक्त पहिल्या अंकाची शेवटची दहा मिनिटं सोडून. अंकाचा शेवट म्हणजे सगळ्यात मोठं गाणं, सगळ्यात मोठी युक्ती. त्या क्षणी बाहेर असलेलं मूल ते विसरत नाही. मध्यंतर १५ ते २० मिनिटांचं असतं आणि रांग लांब असते. दिवे लागताच उठा, खाणं-पिणं नंतर. प्रयोगाआधीच्या तासात पाणी बेताने द्या.

मूल घाबरेल का?

सिनेमात न घाबरणारं मूल रंगमंचासमोर घाबरू शकतं. काळोख खरा असतो, गडगडाट छातीत जाणवतो, आणि खलनायक समोर उभा असतो. मुखवट्याचं भय वाटतं ते वेगळंच. आधी सांगून ठेवण्यासारख्या तीन गोष्टी: अधूनमधून एकदम अंधार होतो आणि दिवे परत येतात; मोठा आवाज होतो तेव्हा कान झाकले तरी चालतात; जो वाईट वागतो तो शेवटी सगळ्यांबरोबर पुढे येऊन वाकून नमस्कार करतो. तिसऱ्या वाक्याचा उपयोग सगळ्यात जास्त होतो.

आई-वडिलांचा मृत्यू, ताटातूट असे प्रसंग सिनेमात माहीत असले तरी प्रत्यक्ष माणसांनी केल्यावर जास्त लागतात. मांडीवर घ्या, हात धरा. रडू थांबत नसेल तर बाहेर पडा. अनेक ठिकाणी बाहेरच्या दालनात आतला प्रयोग दाखवणारा पडदा असतो, आणि मूल शांत झालं की दारावरचा माणूस योग्य वेळी परत आत सोडतो.

‘रिलॅक्स्ड’ प्रयोग म्हणजे काय?

स्वमग्नता, संवेदनांचा त्रास, शिकण्यातल्या अडचणी किंवा हालचालींवर ताबा नसणं अशा कारणांनी एरवी नाट्यगृहात अवघडणाऱ्या प्रेक्षकांसाठी ठरवलेला प्रयोग. प्रेक्षागृहातले दिवे पूर्ण मालवत नाहीत, अचानकचे आवाज आणि झगमगाट कमी करतात, ये-जा करायला आणि आवाज करायला पूर्ण मोकळीक असते. शांत बसण्यासाठी एक वेगळी खोली असते. अनेक नाट्यगृहं प्रयोगाआधी चित्रांसह माहितीपत्रकही देतात, ज्यात दार कसं दिसतं इथपासून कुठल्या प्रसंगात मोठा आवाज आहे इथपर्यंत सगळं असतं. हे पत्रक कुठल्याही लहान मुलाच्या तयारीसाठी उत्तम आहे, वेबसाइटवर असेल तर जरूर उतरवून घ्या.

दौऱ्याच्या एका मुक्कामात असा प्रयोग बहुधा एकच असतो. सांकेतिक भाषेचा, लिखित संवादांचा आणि दृश्यवर्णनाचा प्रयोगही तसाच. तारखा आधी पाहा, मग तिकीट. सांकेतिक भाषेच्या प्रयोगाला दुभाषा रंगमंचाच्या एका कडेला उभा असतो. त्याच बाजूच्या खुर्च्या मागा.

आवाज किती मोठा असतो? धूर, झगमगते दिवे?

बोलण्याच्या प्रसंगात आवाज साधा असतो, समूहगीतात बराच चढतो. कानांसाठीचा सर्वसाधारण हिशेब असा आहे: ८५ डेसिबल आठ तास चालतात, आणि दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते. म्हणजे ९४ डेसिबलला एक तास. चढी गाणी एकूण काही मिनिटांचीच असल्यामुळे मोठ्यांना चिंता नको, पण लहान मुलांसाठी कान झाकणारे इअरमफ बरोबर ठेवा. स्पीकरच्या अगदी समोरच्या कडेच्या खुर्च्या टाळा.

रंगमंचावर दिसणारं पातळ धुकं ग्लायकॉल आणि पाण्याचं किंवा खनिज तेलाचं असतं. त्याचं काम म्हणजे दिव्यांचे झोत दिसावेत. जमिनीलगत सरपटणारं जाड पांढरं धुकं पुष्कळदा कोरड्या बर्फाचं, म्हणजे गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडचं. ते जड असल्यामुळे रंगमंचावरून ओघळत पुढच्या रांगांत येतं. दमा असेल तर इनहेलर खिशात आणि पहिल्या पाच रांगा वर्ज्य.

झगमगत्या दिव्यांमुळे फिट येण्याचा त्रास असणाऱ्यांना धोका साधारण सेकंदाला ३ ते ३० चमका या टप्प्यात असतो. कुठल्या प्रसंगात असे दिवे आहेत ते नाट्यगृहाला आधी फोन करून विचारता येतं. अचानक सुरू झालेच तर नुसते डोळे मिटणं पुरत नाही. एक डोळा तळहाताने पूर्ण झाका आणि तोंड वळवा.

सिनेमा आपल्या भाषेत पाहिलाय, प्रयोग दुसऱ्या भाषेत आहे. मुलाला कळेल?

गोष्ट कळते, विनोद हुकतात. गाण्यातले शब्द तर ती भाषा येणाऱ्यांनाही पहिल्यांदा निम्मेच कळतात, कारण समूहगीतात अनेक ओळी एकमेकांवर येतात. प्रवेशांचा क्रम आधी सांगून ठेवा: ‘आधी बाजार, मग राजवाडा, मग गुहा.’ बदललेली पात्रं कोण ते सांगा. एवढ्यावर मूल सोबत राहतं. भाषांतराचे पडदे असतील तर ते कुठे आहेत ते विचारा. ते रंगमंचाच्या वर असतील तर पुढच्या रांगांतून मान दुखते, कडेला असतील तर मधली जागा बरी.

सोबत गाणं म्हणावं का? फोटो?

‘सोबत गा’ असा खास प्रयोग जाहीर केला असेल तरच गावं. एरवी शेजारच्या खुर्चीने कलाकाराचा आवाज ऐकायला पैसे दिलेले असतात, आणि लहानपणीचं ते गाणं तिलाही तेवढंच प्रिय असतं. शेवटी नमस्कारानंतर टाळ्यांसोबत एखादं कडवं परत वाजलं तर मनसोक्त गा.

प्रयोगात फोटो आणि चित्रीकरण चालत नाही. फ्लॅशमुळे उंचावर असलेल्या किंवा अंधारात नेपथ्यातून धावणाऱ्या कलाकाराला क्षणभर दिसेनासं होतं, हा धोका खरा आहे. पडद्याचा फोटो प्रयोगाआधी, आणि परवानगी असेल तर शेवटच्या नमस्काराचा. फोन पूर्ण बंद करा. सायलेंट फोनचा उजेडही मागच्या चार रांगांना दिसतो. चमकणारं स्मार्टवॉचही तसंच.

मुख्य भूमिकेत दुसराच कलाकार आहे असा कागद लावलाय. फसवणूक झाली का?

नाही. ही व्यवस्था आधीपासूनच असते. अंडरस्टडी एरवी छोटी भूमिका करतो आणि गरज पडली की मोठी. स्टँडबाय फक्त गरज पडल्यावरच उभा राहतो. स्विंग म्हणजे समूहातल्या अनेक जणांच्या जागा पाठ असलेला कलाकार. एका संध्याकाळी तो तिसऱ्या रांगेतला डावीकडून दुसरा असतो, दुसऱ्या संध्याकाळी मागून पहिला. हे काम करणाऱ्यांच्या ताकदीबद्दल आम्हाला मनापासून आदर आहे. मुलांच्या भूमिकांना तर दोन-तीन मुलं आळीपाळीने असतातच, कारण रोज प्रयोग करणं मुलांना झेपत नाही आणि नियमांतही बसत नाही.

बदली कलाकार आला म्हणून पैसे परत मिळत नाहीत, फक्त जाहिरातीतल्या मोठ्या नावाच्या बाबतीत काही ठिकाणी वेगळे नियम असतात.

प्रयोग मध्येच थांबला आणि पडदा पडला. आता?

बसून राहा. बहुतेक वेळा कारण यांत्रिक असतं: डेकमधल्या रुळावर नेपथ्य अडकलं, किंवा एखाद्या सेन्सरने वाटेत काहीतरी आहे असं समजून सगळं थांबवलं. ही यंत्रं शंका आली की थांबावीत अशीच बनवलेली असतात, कारण अंधारात टनभर वजन सरकत असतं. दहा-पंधरा मिनिटांत बहुधा पुन्हा सुरू होतं. एखादी युक्ती त्या दिवशी चालणारच नसेल तर तिच्याशिवाय प्रसंग करायची पद्धतही तालमीत बसवलेली असते. प्रयोग पूर्ण रद्द झाला तरच पैसे परत किंवा दुसरी तारीख. तिकिटाचा ईमेल तोपर्यंत पुसू नका.

वाद्यवृंद खरा असतो का?

बहुतेक मोठ्या दौऱ्यांत हो. मोजके वादक संचाबरोबर फिरतात आणि उरलेले काही वेळा त्या त्या गावातले घेतात. तंतुवाद्यांचा भरणा पुष्कळदा कीबोर्डवर करतात. वाद्यवृंदाच्या निर्देशकाचं चित्र छोट्या पडद्यांवर कलाकारांना दिसत असतं. बाल्कनीच्या पुढच्या कठड्यावर असा पडदा दिसला तर तो त्यासाठीच. प्रयोग संपल्यावर लोक उठतात तेव्हा वादक अजून वाजवत असतात. दोन मिनिटं थांबून मुलाला खड्ड्यापाशी न्या आणि वरून वाकून बघू द्या.

‘ते खरंच कसं उडतं?’ आणि ‘तिचा पोशाख एका क्षणात कसा बदलला?’ याचं उत्तर मुलाला द्यावं का?

विचारलं तर द्यावं. कलाकाराच्या कपड्यांखाली पट्टा असतो, त्याला कमरेच्या दोन्ही बाजूंना बारीक काळ्या तारा जोडलेल्या असतात. दोन तारा असल्यामुळे हवेत कोलांटी मारता येते. तारा वर यंत्राला जातात आणि विंगेत एक माणूस फक्त त्या उड्डाणावर लक्ष ठेवून उभा असतो. पोशाखाचं गुपित असं की नवा पोशाख आधीच आत घातलेला असतो. वरचा पोशाख चुंबकांवर, टिचबटणांवर किंवा एका ओढदोऱ्यावर धरलेला असतो. दिव्यांची एक लखलख आणि कलाकाराची एक गिरकी, तेवढ्यात तो खेचला जातो. नजर कुठे जावी हे प्रकाशयोजनाकाराने ठरवलेलं असतं, म्हणून आपल्याला तो क्षण दिसत नाही. हे कळलेल्या मुलाला दुसऱ्यांदा न्या. ते गिरकीकडे बघायचं सोडून ओढदोरा शोधत बसेल, आणि तरीही तो त्याला सापडणार नाही.